तिला उभं करायचा घोडा

कर्जतच्या भात गिरणीत मी बावीस वर्षं हमाली केली. घरची भातशेती होती, पण ती चार महिन्यांची. उरलेले आठ महिने पाठीवर पोती. गिरणीतली रीत अशी की दोघांनी पोतं दोन बाजूंनी धरायचं, एक झोका द्यायचा आणि तिसऱ्याच्या पाठीवर चढवायचं. त्याला आम्ही हात देणं म्हणायचो. मी कुणाचा हात घेतला नाही. पोतं उभं करायचो, त्याच्याकडे पाठ करून खाली बसायचो, वरचे दोन कोपरे धरायचो आणि एका झटक्यात उठायचो. मुकादम बाहेरच्या माणसांना बोलावून दाखवायचा. ही फुशारकी आहे, नाही म्हणत नाही. दोन बुकं शिकलेल्या माणसाजवळ फुशारकी मारायला दुसरं काय असणार? पण पुढं बायकोला उचलायची पाळी आली, तेव्हा मला एवढंच येत होतं. म्हणून आधी सांगून ठेवतो.

ती पडली झोडणीच्या दिवसांत. आमचं गाव कोंडाण्याच्या डोंगराखाली, तिथं भात कापलं की खळ्यावर पेंढ्या झोडायच्या. मी झोडत होतो, ती सूप घेऊन वारवत होती. सूप डाव्या हातातून सुटलं. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आवं, माझा हात कुठं गेला बघा." मग डावा पाय दुमडला आणि ती भाताच्या राशीवरच बसली. अंगावरून वारं गेलं होतं. डावं अंग सगळं गेलं, जीभ तेवढी वाचली. ती तिची आधीपासूनच धारदार होती.

महिनाभर तेल चोळलं, शेक दिला. हात-पाय हलले नाहीत. पडवीत खाट टाकली. शेजारी एक जुनी हाताची खुर्ची ठेवली, तिची बसायची फळी मधोमध कापून खाली डबा लावला. खाटेवरून खुर्चीवर आणि खुर्चीवरून खाटेवर, दिवसातून सहा-सात वेळा. अंतर म्हणाल तर दोन हात. पण त्या दोन हातांनी मला जेवढं थकवलं तेवढं गिरणीनं बावीस वर्षांत थकवलं नाही.

मी तिच्या काखेत हात घालायचो आणि झटक्यात वर ओढायचो. ती कळवळायची.

"मी काय भाताचं पोतं हाय वो?"

"पोतं बरं. कोकलत तरी नाय."

सून धावत यायची. "मामंजी, एका बाजूनं मी धरते."

"तू चुलीकडं बघ. मी हाय ना."

घरात आम्ही तिघंच. लेक खोपोलीला कारखान्यात, तिथं त्याला राहायला दोन खोल्या दिलेल्या, तिसऱ्या मजल्यावर. तो शनिवारी यायचा, सोमवारी पहाटे जायचा. आईची ही ओढाताण त्यानं तीन-चार शनिवार बघितली. मग एके दिवशी जेवता जेवता म्हणाला, "बाबा, आईला खोपोलीला नेतो. हिलापण नेतो. तिथं संडास घरात हाय, दवाखाना जवळ हाय. तुमीपण चला."

"आणि भात कोण लावणार? तुझा साहेब?"

"मग आई तरी जाऊ द्या. तुमच्यानं होत नाय आता."

मी ताटावरून उठलो. खाटेवरून बायको बोलली, माझ्याशी नाही, लेकाशी. "तुझ्या तिसऱ्या मजल्यावर मला चढवशील रं. पण यकदा वर नेली का मला खाली चौघंच आणतील. हितं पडवीत बसले तर येणाऱ्याजाणाऱ्याला दिसते तरी. कुणी इचारतं, कशी हायस? मी सांगते, बरी हाय."

लेक म्हणाला, "शिमग्यापर्यंत बघतो. तोवर हे ओढणं थांबलं, आईला नीट उठता-बसता आलं, तर राहा हितं. नायतर टेंपो घेऊन येतो."

शिमगा अडीच महिन्यांवर होता.

मी काय केलं? आणखी जोरात ओढायला लागलो. जोर लावला की काम होतं, एवढंच ठाऊक. मागच्या बाजूनं काखेत हात आणि झटका. एका दुपारी तिच्या डाव्या खांद्यात काहीतरी कटकन झालं आणि तिनं असा आवाज काढला की गोठ्यातला बैल उभा राहिला. खांदा खाली लोंबला. हाताच्या आणि खांद्याच्या मधे बोट जाईल एवढा खळगा पडला. सुनेनं माझ्याकडे बघितलं आणि ती गाडीत घालायला पेंढा आणायला गेली.

बैलगाडीत पेंढा घालून तिला कर्जतच्या दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी खांदा झोळीत बांधला आणि सांगितलं की मेलेल्या हाताला धरून किंवा काखेतून ओढायचं नाही, सांध्याला धरून ठेवणारं आता आत काही उरलं नाही. पुढचं काम त्यांनी सिस्टरवर सोपवलं. ही सिस्टर पन्नाशीची, केसांत पांढरं, आवाज मास्तरणीचा. तिनं माझ्यापुढं एक स्टूल सरकवलं.

"बसा बाबा. पाय पुढं पसरा. पाठ ताठ. हं, आता उठा."

मी उठायला गेलो. उठता येईना. परत जोर लावला. पोटऱ्या थरथरल्या, पण बूड स्टुलावरून सुटेना. बावीस वर्षं पोती उचललेला माणूस मी, आणि चार पायांच्या स्टुलावर अडकून बसलो. खाटेवरून बायको हसली. झोडणीपासून पहिल्यांदा हसली.

"आता पाय मागं घ्या, स्टुलाखाली. पुढं वाका. नाक पायाच्या बोटांच्या पुढं गेलं पाहिजे. उठा."

उठलो. काहीच लागलं नाही.

"कळलं? तुम्ही ह्यांना सरळ वर ओढता. पुढं वाकूच देत नाही. मग सगळं वजन तुमच्या अंगावर आणि त्यांच्या खांद्यावर. उठायचं काम त्यांचं आहे. उजवा पाय चांगला आहे ना? तो उठवेल. तुम्ही डावा गुडघा वाकू द्यायचा नाही आणि कंबर सांभाळायची. बास."

मग तिनं करून दाखवलं. जुन्या लुगड्याची चौपदरी घडी कंबरेला घट्ट बांधायची, धरायला पट्टा होतो. आपला गुडघा तिच्या मेलेल्या गुडघ्याला समोरून टेकवायचा, म्हणजे तो दुमडत नाही. आणि तोंडासमोर तोंड करून, हळूहळू झुलत, एक, दोन, तीनला उठायचं. सिस्टरनं तिला उभी केली. माझी बायको दोन-अडीच महिन्यांनी स्वतःच्या पायावर उभी राहिली, आणि इकडंतिकडं बघायला लागली, जशी काही नव्या गावात उतरली.

मला मात्र घाम फुटला. का ते लिहितो, हसायचं तर हसा. लग्नाला तीस वर्षं झाली होती, पण दिवसाउजेडी, चारचौघांत, मी तिच्या हाताला हात लावलेला नव्हता. आमच्यात तशी पद्धत नव्हती. आता पडवीत, रस्त्याच्या तोंडावर, सुनेसमोर, कंबर धरून, गुडघ्याला गुडघा लावून, तोंडासमोर तोंड? मागून ओढण्यात निदान तोंड दिसत नव्हतं.

"दुसरं काय नाय का?" मी विचारलं. "वस्तू-बिस्तू?"

सिस्टरनं केसपेपरच्या पाठीमागं पेन्सिलीनं काढून दाखवलं. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात ती शिकली तिथं लोखंडाचा एक सांगाडा होता. समोर छातीएवढ्या उंचीवर धरायला आडवा दांडा, खाली गुडघे टेकायला गादीची फळी, पाय ठेवायला पाट. माणूस दांडा धरून उठतो, गुडघे फळीला टेकतात म्हणून दुमडत नाहीत. "पण उठल्यावर वळायचं कसं, तिथं त्यांचे पाय अडकतील," सिस्टर म्हणाली. "ते तुम्ही बघा."

वळायचं म्हटल्यावर माझ्या डोक्यात एकच वस्तू आली. घरातलं जातं. गावात पिठाची गिरणी आल्यापासून ते कोपऱ्यात पडून होतं. मी विचार केला, वरची तळी फिरते, तिच्यावर माणूस उभा केला तर तोही फिरेल. कुणाला न विचारता, खाट आणि खुर्चीच्या मधे पडवीची जमीन खणली, जातं आत उतरवलं, वरची तळी जमिनीच्या पातळीला आणली आणि कडेनं माती चोपली. दोन दिवस लागले.

"हे काय?" बायकोनं विचारलं.

"तुझी गाडी."

तिनं मान वाकडी करून बघितलं. "जातं हाय ते."

"मग?"

"माझ्या लग्नात त्याला हळद लावलीय, सुपारी बांधलीय. लेकाच्या लग्नातपण. त्याच्यावर पाय दिऊ?"

"पाय तुझा मेलेला हाय. त्याला काय कळतंय?"

"उजवा जिता हाय."

त्या दिवशी ती खुर्चीवर गेलीच नाही. संध्याकाळपर्यंत दात आवळून पडून राहिली. मीही हट्टी, तीही हट्टी. शेवटी सून म्हणाली, "मामंजी, त्यांचं पोट फुटंल," तेव्हा मी पहार घेतली आणि जातं उपटून काढलं. खरं सांगायचं तर ते फिरतही नव्हतं. कुणी नसताना मी वर उभा राहून बघितलं होतं, माझ्या वजनानं तळी जागची हलली नाही. हे मी तिला कधी सांगितलं नाही. ती गेली तोवर, माझं जातं चांगलं होतं आणि तिचाच हट्ट आडवा आला, असंच तिच्या डोक्यात राहिलं असेल.

मग सुतार गाठणं आलं. गावच्या सुताराकडे जायचं नव्हतं. गावाला कळलं असतं की ह्याच्यानं बायको उचलत नाही. म्हणून यष्टीनं खालापुरावरून कुंभिवलीला गेलो. तिथं हमरस्त्याला एक सुतार ट्रकच्या लाकडी बॉड्या बांधायचा. मी केसपेपर पुढं केला. त्यानं तो उलटासुलटा केला.

"काय हाय हे पाव्हणं? बैलाला नाल मारायचा खोडा?"

"बैलाला नाय. घरच्यांसाठी."

"आरं देवा! घरचे लाथा मारतात का?"

त्याची माणसं हसली. मी केसपेपर काढून घेतला आणि रस्त्याला लागलो. तो मागून पळत आला. "बस रं बाबा, राग नाकावर हाय तुझ्या. आमच्या आईला चार वर्षं खाटेवर ठिवली हुती. दोन बाया लागायच्या उठवायला. सांग नीट."

सांगितलं. त्यानं ऐकलं आणि पेन्सिल कानामागून काढली. आठवड्यानं परत गेलो तर वस्तू तयार. ऐनाच्या लाकडाचे दोन खांब, खाली पसरट पाय, वर आडवा दांडा. दांड्याला ट्रकच्या ट्यूबचं रबर गुंडाळलेलं, हात सटकू नये म्हणून. गुडघ्यांच्या फळीला कापूस भरून गोणपाट ठोकलेलं. आणि खाली, जिथं पाय ठेवायचे तिथं, परातीएवढी गोल फळी, ट्रकच्या जुन्या बेरिंगवर बसवलेली. बोटानं ढकलली तर गरगर फिरली.

"माणूस उडंल ह्याच्यावरनं," मी म्हणालो.

"म्हणून ही खुंटी. उठायच्या वेळंला खुंटी आत. उभी राहिली का खुंटी काढ, खांब धरून पुऱ्या सांगाड्यासकट फिरवू नको, नुसती फळी फिरव. बसायच्या आधी खुंटी परत आत. ही खुंटी इसरलास तर मला शिव्या घालू नको."

यष्टीच्या टपावर चढवताना कंडक्टर म्हणाला, "ह्याला अर्धं तिकीट का पुरं?" घरी आल्यावर बायकोनं बघितलं आणि म्हणाली, "घोडा!" तेव्हापासून त्याचं नाव घोडा.

पहिल्या दिवशी घोडा घसरला. सुनेनं सकाळीच पडवी सारवली होती, ओलसर होती. बायको दांडा धरून अर्धी उठली आणि घोडा पुढं सरकला, ती मागं खाटेवर आदळली. मग चार पायांखाली चार खळगे केले. दुसऱ्या दिवशी खुंटी विसरलो, मीच. तिसऱ्या दिवसापासून घोडा बरोबर होता. चुकत होतो मी. ती पुढं वाकून उठायला लागली की माझे हात आपोआप काखेत जायचे आणि ओढायचे.

"हात काढा."

"पडशील."

"पडू दे. काढा म्हणते ना!"

हात निघत नव्हते. तिला उठूच देत नव्हतो मी. रोज सहा-सात वेळा हेच भांडण. ती दमायची, मी दमायचो, घोडा तसाच उभा. दवाखान्यात उभी राहिली तशी ती माझ्या हातून एकदाही उभी राहिली नाही. शिमगा जवळ यायला लागला.

होळीच्या चार दिवस आधी माझ्या कंबरेत उसण भरली. पाण्याची घागर उचलताना कमरेत कळ आली आणि मी तिथंच वाकडा झालो. पडवीत दुसरी खाट पडली. आता दोघं आडवे. सून दोघांच्या मधे उभी राहिली, पदर खोचला आणि लुगड्याची घडी सासूच्या कंबरेला बांधली. मी भिंतीकडे तोंड करणार होतो, पण कंबर वळेना. म्हणून बघावं लागलं.

तिनं काहीच केलं नाही. खरंच. घोडा पुढं घेतला, खुंटी बघितली, सासूचे पाय मागं घेऊन फळीवर ठेवले, मेलेला हात झोळीत, चांगला हात दांड्यावर. पट्ट्यात मागून दोन बोटं अडकवली.

"आत्याबाई, नाक पुढं."

"हाय पुढं. जलमापासून पुढंच हाय."

"एक, दोन, तीन."

आणि माझी बायको उठली. सून नुसती तिच्याबरोबर वर आली. शेताच्या बांधावर बाया भारा देतात तसं. भारा घेणारी खाली बसते, डोक्यावर चुंबळ, समोरची नुसता हात लावते, आणि घेणारी आपल्या पायांनी उठते. समोरचीनं जास्त जोर लावला तर भारा कलंडतो. हे मी हजार वेळा बघितलं होतं. गिरणीतही हात देणारे होते, पण मी कधी घेतला नाही, त्यामुळे तो कसा द्यायचा हे कधी शिकलोच नाही.

सुनेनं खुंटी काढली, फळी पाव चक्कर फिरली, खुंटी आत. बायको खुर्चीवर बसली. माझ्याकडे बघून म्हणाली, "झालं. बघितलंत?"

"बघितलं," मी म्हणालो.

चार दिवस त्या दोघींनी तालीम केली. लेक होळीच्या दुपारी टेंपो घेऊन आला. अंगणात टेंपो उभा, पडवीत बाप उताणा, आई खाटेच्या काठावर पाय सोडून बसलेली.

"बाबांना काय झालं?"

"त्यांना पडू दे. तू हिकडं बघ." तिनं सुनेलाही हातानं लांब केलं. सून एक पाऊल मागं सरली, दोन नाही. बायकोनं उजव्या हातानं दांडा धरला, नाक पुढं नेलं, थांबली. परत नेलं. उठली. पाय थरथरत होते, दांड्याचं रबर करकरलं, पण उठली. सुनेनं वाकून खुंटी काढली, फिरवली, घातली. ती खुर्चीवर बसली आणि पदर सारखा केला.

"च्या घे," ती लेकाला म्हणाली. "आणि सांग, तुझ्या तिसऱ्या मजल्यावर ह्यो घोडा चढंल का?"

लेकानं चहा घेतला. नाक ओढल्याचं ऐकू आलं. टेंपोत त्यानं तांदळाची दोन पोती घातली आणि रिकामा जायचा तो टेंपो भरून गेला. पोती त्यानं आणि टेंपोवाल्यानं एकमेकांना हात देऊन चढवली. मी पडून बघत होतो.

त्यानंतर ती सात वर्षं त्या पडवीत बसली. उसण गेल्यावर मीही शिकलो, पट्ट्यात दोन बोटं आणि बाकी गप्प. सात वर्षं, दिवसातून सहा-सात वेळा, सुनेनं आणि मी आळीपाळीनं. सगळ्या वेळा होळीसारख्या नव्हत्या. कधी ती म्हणायची, आज नाय उठत. कधी मला वाटायचं, आज न उठो. पावसाळ्यात लाकूड फुगायचं, खुंटी बसायची नाही, मी चिडायचो, ती चिडायची. थकवा असा होता की रात्रीची झोप घेऊनही सकाळी जात नव्हता. येणाऱ्याजाणाऱ्याला मात्र ती सांगायची, बरी हाय. शेवटी चौघांनी नेली ती त्याच पडवीतून. जिना उतरावा लागला नाही.

आता घोडा कोपऱ्यात असतो. त्याच्यावर छत्री, पंचा, सुनेचं ओलं लुगडं वाळत असतं. माझे गुडघे गेले. खाटेवरून उठायचं तर मी दाराची चौकट धरतो, ती लांब आहे, तिथवर पोचायलाच दोन वेळा बसावं लागतं. घोड्याला हात लावला नाही. लेकाचे केस आता पांढरे झालेत. परवा तो म्हणाला, "बाबा, खोपोलीला चला. शिमग्यापर्यंत बघतो." तेच शब्द. त्याला आठवतही नसेल.

गेले आठ दिवस एक गोष्ट बघतोय. घोडा रोज सकाळी खाटेच्या वीतभर जवळ आलेला असतो. आज तर चार पाय त्या जुन्या खळग्यांत बसले होते. वरचे कपडे काढलेले, बेरिंगला नवं वंगण, खुंटी आत. मी खाटेच्या काठावर बसलो. पाय मागं घेतले. दांड्याचं रबर उजव्या बाजूला झिजून गुळगुळीत झालंय, तिथं तिचा हात असायचा. मी तिथंच धरलं. सून चुलीच्या खोलीच्या दारात उभी होती.

"हात देऊ का, मामंजी?"

मी नाक पुढं नेलं.

"दे," म्हटलं. "पण दोनच बोटं."